सावकाशीचे पादत्राण

सुख किती घ्यावे आणि कष्ट किती सोसावेत, हा प्रश्न केवळ मोठ्या प्रसंगीच माणसापुढे उभा राहतो असे नाही. तो अंथरुणाच्या जाडीपाशी उभा राहतो, पानावरच्या दुसऱ्या वाढीपाशी उभा राहतो, आणि अलीकडे तो पायांतल्या जोड्यापाशीही येऊन ठेपला आहे. सावकाश धावण्याच्या दिवशी मऊ तळाचा जोडा घालावा काय, आणि घालावा तर किती मऊ, असे विचारणारी माणसे आता मुंबई-पुण्यातच भेटतात असे नव्हे. सिल्वासाहून वासोण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पाय मोकळे करणाऱ्या मंडळींनाही तो प्रश्न पडतो.

वरवर पाहता हा प्रश्न दुकानातला आहे. माप, किंमत आणि रंग एवढ्यावर तो मिटावा. परंतु ज्या समाजात अनवाणी चालणे हे व्रत मानले जाते, ज्या समाजात पादत्राण उतरविणे ही देवदर्शनाची पहिली क्रिया आहे, त्या समाजातील माणूस जेव्हा पायांखाली दोन बोटे जाडीचा मऊ थर बांधून घेतो, तेव्हा त्याच्या मनात कुठेतरी चुळबूळ होते. आपण देहाचे फार लाड तर करीत नाही ना? की देहाकडून काम घ्यावयाचे तर त्याला सांभाळणे हेही कर्तव्यच आहे? ही चुळबूळ आम्ही हसण्यावारी नेत नाही. लहान गोष्टींत मनाला टोचणी लागणे हे नीतीची जाण जागी असल्याचे लक्षण होय. मात्र टोचणी लागली म्हणजे तिचे म्हणणे खरेच असते असे नाही. ते तपासून पाहावे लागते.

प्रथम भूमी पाहावी, कारण भूमीवाचून जोड्याचा विचार करता येत नाही. वासोणा हे दादरा व नगर हवेलीतील गाव. सिल्वासाहून खानवेलकडे जाताना ते लागते, आणि बाहेरच्या माणसाला ते तेथील सिंह-उद्यानामुळे ठाऊक असते. गोमंतकीय वाचकांना हा मुलूख परका वाटण्याचे कारण नाही. १७७९ च्या तहान्वये पेशव्यांनी इकडील महसूल पोर्तुगिजांना लावून दिला, आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले तेव्हा त्या लढ्यात आझाद गोमंतक दलाचे तरुण होते, तसेच सुधीर फडके यांच्यासारखे मराठी मनाचे लाडके गायकही होते. आज हा मुलूख जंगलाचा आहे तितकाच कारखान्यांचाही आहे. धावण्याच्या जोड्याची वरची जाळी ज्या पॉलिएस्टर धाग्याची विणतात, तसा धागा सिल्वासाच्या परिसरात मोठ्या प्रमाणावर निघतो. कारखान्यांबरोबर रुंद डांबरी रस्ते आले, आणि डांबरावर धावणारा पाय हा शेताच्या बांधावर चालणाऱ्या पायापेक्षा निराळ्याच परीक्षेला बसतो. त्याच रस्त्याच्या कडेने वारली, कोकणा, धोडिया समाजांची माणसे डोक्यावर मोळी किंवा बाजाराचे ओझे घेऊन जातात, आणि त्यांतील म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पाय पुष्कळदा अनवाणी असतात. पायांची ही दोन्ही रूपे डोळ्यांपुढे ठेवूनच आम्हांस ह्या विषयाचा विचार करावयाचा आहे.

आता धावणे म्हणजे काय ते पाहू. चालताना एक पाय सदैव जमिनीवर असतो. धावताना दर पावलागणिक क्षणभर दोन्ही पाय अधांतरी असतात, आणि मग सारा देह एका पायावर उतरतो. ह्या उतरण्यात त्या पायाला देहाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पेलावा लागतो. मिनिटाला १६० पावले धरली तर चाळीस मिनिटांच्या धावेत हे ६,४०० वेळा घडते. हाडे, स्नायू आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या शिरा ह्या भारानेच बळकट होतात हे खरे. पण बळकट होण्याचे काम भार पडताना होत नाही, ते भार उतरल्यानंतरच्या विश्रांतीत होते. म्हणून जाणते धावपटू आठवड्यातील बहुतेक दिवस मुद्दाम सावकाश धावतात. ह्या धावेला ते ‘इझी रन’ म्हणतात, आणि कठीण सरावाच्या दुसऱ्या दिवशी शिणलेल्या पायांनी त्याहूनही मंद अशी जी छोटी धाव घेतात, तिला ‘रिकव्हरी रन’. तिची कसोटी मनगटावरच्या घड्याळात नसून श्वासात आहे. बरोबरच्या माणसाशी धाप न लागता बोलता आले पाहिजे. एकट्याने धावणाऱ्याला रामरक्षा सलग म्हणता आली पाहिजे. मध्येच शब्द तुटू लागले तर समजावे की पाय आपल्या मर्यादेबाहेर गेले.

दम न लागता दूरवर धावण्याचा पुरस्कार गेल्या शतकात ज्यांनी ठामपणे केला, ते न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड हे जोड्यांच्या कारखान्यात काम करणारे गृहस्थ होते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यांचे शिष्य पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग ह्यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनुक्रमे ८०० आणि ५,००० मीटरच्या शर्यती जिंकल्या. ८०० मीटरची शर्यत ही दोन मिनिटांच्या आत संपणारी झुंज. तिच्यासाठीही गुरूने शिष्याला आठवड्याला शंभर मैलांपर्यंत धावावयास लावले, पण छाती फुटेपर्यंत नव्हे. ह्याच लिडियार्ड ह्यांनी पुढे ऑकलंडमधील मध्यमवयीन, हृदयविकारातून उठलेल्या माणसांनाही मंद धावेची गोडी लावली. वेगाचे शास्त्र आणि विश्रांतीचे शास्त्र ही दोन नसून एकच आहेत, हे त्यांनी कृतीने दाखवून दिले.

आमच्या भाषेला हे सत्य फार पूर्वीपासून ठाऊक असावे. मराठीतील ‘सावकाश’ आणि कोंकणीतील ‘सवकास’ हे दोन्ही एकाच संस्कृत शब्दाचे रूप आहेत: स-अवकाश, म्हणजे अवकाशासह, मोकळ्या जागेसह. सावकाश जाणारा माणूस केवळ मंद नसतो. तो दोन श्रमांच्या मध्ये जागा ठेवीत जातो. गोव्यात पोर्तुगीज भाषेतून आलेला ‘सुशेगाद’ हा शब्द आज आळसाचा पर्याय म्हणून थट्टेने वापरला जातो, पण त्याचाही मूळ अर्थ शांत, निवांत एवढाच आहे. निवांतपणाला आळस समजणे ही आमच्या काळाची घाई होय. आणि मऊ तळाचा जोडा तरी दुसरे काय करतो? तो पाय आणि भूमी ह्यांच्यामध्ये थोडा अवकाश ठेवतो. सावकाश धाव आणि मऊ जोडा ह्यांचे नाते ते हेच.

ह्यावर कठोर मताचा वाचक म्हणेल की, हे शब्दांचे खेळ झाले. माणूस मोठा होतो तो सोसण्याने. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकऱ्यांची मुले खडीच्या तापलेल्या रस्त्यांवरून अनवाणी धावली, आणि ते पाहून सर दोराबजी टाटा ह्यांच्या मनात हिंदी खेळाडूंना ऑलिंपिकला पाठविण्याची कल्पना मूळ धरू लागली. पुढच्याच वर्षी अँटवर्पला गेलेल्या चमूत बेळगावकडील फडेप्पा दरेप्पा चौगुले होते, आणि त्यांनी मॅरेथॉनमध्ये १९ वा क्रमांक मिळविला. १० सप्टेंबर १९६० रोजी रोमच्या रस्त्यांवर इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत मॅरेथॉन जिंकून गेला. ही उदाहरणे असताना दोन बोटे जाडीच्या गादीवरून चालणाऱ्या आजच्या माणसाने पुरुषार्थाची भाषा बोलावी काय?

आक्षेप वजनदार आहे आणि त्यातील उदाहरणे खरी आहेत. पण उदाहरण अर्धेच सांगितले तर ते फसवे होते. हाच बिकिला १९६४ साली तोक्योला पायांत जोडे घालून धावला, तेही आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर जेमतेम काही आठवड्यांनी, आणि त्याने आपला रोमचा वेळ तीन मिनिटांनी सुधारला. रोममध्ये नवे जोडे पायांना लागत होते म्हणून त्याने ते घातले नाहीत. तोक्योत जोडे पायांना मानवले म्हणून घातले. अनवाणी धावणे हे त्याचे व्रत नव्हते, तो त्या दिवसाचा विवेक होता. आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत ह्यांचेही असेच. त्यांची धाव डोंगरातल्या वाटांवर अनवाणी सुरू झाली, आणि २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धांत १०,००० मीटरचे कांस्यपदक त्यांनी मिळविले. त्या आरंभीच्या अनवाणीपणाचे आपण कौतुक करतो, परंतु तो त्यांनी निवडलेला नव्हता. जोडा नव्हता म्हणून पाय उघडे होते.

तेव्हा अनवाणी पाय ही एकच गोष्ट नव्हे. व्रताने उघडा ठेवलेला पाय निराळा, सरावाने उघडा राहिलेला निराळा, आणि दारिद्र्याने उघडा पडलेला निराळा. पहिल्याला नमस्कार करावा, दुसऱ्याचा अभ्यास करावा, आणि तिसऱ्याला जोडा द्यावा. तिसऱ्याचे गोडवे गाऊन पहिल्याचे पुण्य आपल्या पदरी पाडून घेणे हा अप्रामाणिकपणा होय.

ह्या प्रश्नाचा सर्वांत मार्मिक निवाडा आम्हांस विनयपिटकाच्या महावग्गातील एका कथेत आढळतो. चंपानगरीच्या एका धनिकाचा सोण नावाचा मुलगा इतका सुकुमार होता की त्याच्या तळव्यांवर केस उगवले होते असे सांगतात. तो घरदार सोडून भिक्षू झाला आणि पूर्वीच्या सुखाची जणू भरपाई करावी अशा आवेशाने अनवाणी येरझारा घालून साधना करू लागला. तळवे फुटले, चालण्याची वाट रक्ताने भरली, आणि इतके करूनही काही साधत नाही असे पाहून त्याचे मन घराकडे वळू लागले. तेव्हा बुद्धांनी त्याला त्याच्या वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर स्वर निघत नाही, फार सैल सोडली तरी निघत नाही, हे तो जाणत होताच. मग बुद्धांनी त्याला एका पदराच्या तळाची वहाण वापरण्यास सांगितले. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार-विहाराच्या मिततेची जी शिकवण आहे, तिच्याशी परिचित असलेल्या वाचकाला हा निवाडा अनोळखी वाटणार नाही.

कथेतील नेमकी जागा कोणती, हे मात्र नीट पाहिले पाहिजे. सोणाचे रक्त हे त्याच्या तपाचे मोजमाप नव्हते. ते त्याच्या उतावळेपणाचे मोजमाप होते. देहाला दुखविले म्हणजे मन शुद्ध होते, हा त्याचा समज होता. आजचा धावपटू विश्रांतीच्या दिवशीही कालच्याच वेगाने धावतो, नडगी दुखते तरी थांबत नाही, आणि ह्या हट्टाला निश्चय म्हणतो, तेव्हा तो सोणाचाच भाऊ असतो. वेगाने धावण्यात शक्ती लागते. पण शाळकरी पोरे आणि वयस्क बायाबापडे पुढे निघून जात असता आपली मंद चाल न सोडणे ह्यासाठी शक्तीहून दुर्मीळ अशी एक वस्तू लागते, आणि ती म्हणजे नम्रता.

महावग्गाच्या त्याच प्रकरणात दुसऱ्या एका सोणाची गोष्ट आहे, आणि ती आमच्या विषयाला अधिकच लागू पडते. हा सोण अवंतीकडचा. तो आपल्या गुरूचा निरोप घेऊन बुद्धांकडे आला. अवंती आणि दक्षिणापथ ह्या भागांत जमीन काळी, टणक आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे, तेव्हा तेथील भिक्षूंना अनेक पदरांच्या जाड तळाची वहाण वापरू द्यावी, अशी त्यात विनंती होती. बुद्धांनी ती मान्य केली. मध्यदेशाच्या मऊ मातीसाठी एक पदर, कठीण भूमीसाठी अनेक पदर! नियम पायाच्या लाडांवरून ठरला नाही, तो भूमीच्या कठिणपणावरून ठरला. डांबरी रस्ता ही आमच्या काळाची खुरांनी तुडवलेली जमीन आहे असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु भूमी कठीण आहे एवढ्यावरून वाटेल तितका मऊपणा हितकारक ठरतो काय? येथे शास्त्राकडे वळावे लागते, आणि शास्त्राचे उत्तर भाबड्या माणसाला वाटते तितके सरळ नाही. जोड्याच्या तळातील मधला थर फोमचा असतो. त्यात असंख्य सूक्ष्म हवाबंद बुडबुडे असतात. पाय पडला की ते दबतात आणि उचलला की पुन्हा फुगतात. लक्झेंबर्ग येथे ८४८ हौशी धावपटूंवर सहा महिने एक पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. दिसण्यात सारखेच पण एक कठीण आणि एक मऊ तळाचा असे जोडे वाटले असता, कठीण तळ वापरणाऱ्यांना इजा अधिक झाल्या. जड देहाच्या माणसालाच मऊ तळ हवा, असा सर्वसाधारण समज आहे. येथे तर हलक्या अंगाच्या धावपटूंनाच मऊपणाचा लाभ अधिक दिसला. एवढ्यावर थांबले तर मऊपणाचा जयजयकार करून मोकळे होता येईल. पण फिनलंडमधील संशोधकांनी २०१८ साली बारा धावपटूंवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की, अतिशय मऊ आणि जाड तळाच्या जोड्यात, विशेषतः वेग वाढल्यावर, पाय जमिनीवर उलट अधिक जोराने आदळतो. खाली गादी आहे हे कळताच पाय आपली मूळची लवचीक सावधगिरी कमी करतो. अनवाणी धावणारा माणूस चवड्यावर अलगद उतरतो आणि जाड टाचेच्या जोड्यातला पुष्कळदा टाचेवर आपटतो, हे हार्वर्डच्या डॅनिअल लीबरमन ह्यांच्या चमूने २०१० साली दाखविले होते.

हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. त्यांतून एकच गोष्ट निघते. मऊ जोडा मंद वेगाचा मित्र आहे. त्याच्या जोरावर वेग वाढवू पाहणाऱ्याला तो दगा देऊ शकतो. ज्याने सावकाशीसाठी मऊपणा घेतला त्याने सावकाशही राहिले पाहिजे. मऊपणा घेऊन वेग चोरणे म्हणजे उपवासाच्या नावाखाली फराळाचे ताट भरणे होय. आमच्या मते ह्या साऱ्या विषयातील नीतीचे सार इतकेच आहे की, जोड्याने भूमीचा आघात कमी करावा, भूमीची वार्ता बंद करू नये. दुखणे ही देहाची वार्ता आहे. शिणलेल्या पायावरचा भार हलका करणारी गादी योग्य; पण नडगीतील ठणका ऐकू येऊ नये म्हणून जी गादी आपण आणखी जाड करीत जातो, ती दारावर आलेल्या निरोप्याला बाहेरच उभे करण्यासारखी आहे. निरोप त्यामुळे बदलत नाही, तो उशिरा कळतो इतकेच.

हे तत्त्व हाती असले की दुकानातील निवड फारशी अवघड राहत नाही. जोडा घेण्यास संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. धावताना वापरतो तेच मोजे घालावेत. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा मोकळी असावी, आणि टाच मात्र मागून सुटता कामा नये. बोटाने दाबून मऊपणा पाहू नये, जोडा घालून दुकानासमोर दहा-वीस पावले धावून पाहावे. मऊपणाही दोन प्रकारचा असतो. एक भार घेऊन परत देतो, दुसऱ्यात पाय रुततो आणि घोटा डगमगतो. एका पायावर उभे राहिले की हा फरक ताबडतोब कळतो. टाच आणि चवडा ह्यांच्या उंचीत काही जोड्यांत बारा मिलिमीटरांपर्यंत फरक असतो, काहींत चार, तर काहींत मुळीच नसतो. जो फरक अंगवळणी पडला आहे त्यापासून एकदम दूर जाऊ नये, नाहीतर पोटऱ्या तक्रार करतात. स्पर्धेसाठी निघालेले कार्बनच्या पट्टीचे महागडे जोडे ह्या कामी नकोत. त्यांचा जन्म वेगासाठी असतो आणि आपल्याला ह्या दिवशी वेग नको आहे. कॅनडातील कॅलगरीचे बेन्नो निग आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २०१५ साली असा विचार मांडला की, अनेक जोड्यांतून जो पायाला सर्वांत सुखकर वाटतो तोच बहुधा हितकर असतो. आयुष्यभर सुखाविषयी साशंक राहिलेल्या माणसाला हे ऐकून नवल वाटेल. पण तळव्याला कळणारे सुख आणि जाहिरातीने पटविलेले सुख ह्यांत भेद आहे, आणि येथे पहिल्याची साक्ष घ्यावयाची आहे. ज्यांच्या तळव्यांची संवेदना मधुमेहामुळे मंदावली आहे त्यांना मात्र ही साक्ष मिळत नाही. त्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून जोडा निवडू नये.

वासोण्याकडील मंडळींनी आणखी एक पाहावे. इकडचा पावसाळा मुसळधार. गुळगुळीत तळाचा जोडा ओल्या डांबरावर घसरतो, म्हणून खालच्या रबरावर खोल खाचा असाव्यात. भिजलेला जोडा चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नये. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवावा. फोमचा जीवही अमर नाही. पाचशे ते आठशे किलोमीटर धावल्यावर त्याची उसळी मंदावते असा धावणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे. दोन जोडे आलटून पालटून वापरणे हितकर असते. मात्र ह्यावरून सहा जोडे घेण्याचा परवाना मिळत नाही. फोम मातीत कुजत नाही, आणि आपल्या पायांना मिळालेले सुख आपल्या नातवंडांच्या भूमीवर कचरा होऊन पडून राहते, हेही हिशेबात धरलेच पाहिजे.

येथवरचा विचार स्वतःच्या पायांपुरता झाला. पण पहिल्या सोणाच्या कथेचा शेवट आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. बुद्धांनी वहाण वापरण्याची मुभा दिली तेव्हा त्याने ती एकट्यासाठी घेण्यास नकार दिला. गाड्यांनी भरलेले सोने आणि हत्ती सोडून आलेला मी वहाणेला चिकटलो असे लोक म्हणतील. सर्व संघाला मुभा असेल तरच मी वापरीन, असे त्याचे म्हणणे होते. आणि त्याच्यामुळे ती मुभा सर्वांना मिळाली. सुखाची नैतिक कसोटी किती सांगावी इतकी स्पष्ट आहे! सुख घेणे हा दोष नाही. आपल्या सुखाच्या वाटेत दुसऱ्याचा उघडा पाय दिसला असता नजर फिरविणे हा दोष आहे.

वासोण्याच्या रस्त्यावर ही कसोटी रोज समोर उभी असते. चांगल्या मऊ जोड्याची किंमत दहा-बारा हजारांच्या घरात सहज जाते, आणि रोजंदारीवर राबणाऱ्या माणसाची ती कित्येक दिवसांची कमाई असते. आपण तो घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. पण धावणाऱ्याने आपल्या जोड्याबरोबर शेजारच्या पाड्यावरील शाळकरी मुलासाठी एक साधा, टिकाऊ जोडा घेतला, तर त्याची चुळबूळ पुष्कळ अंशी शमेल असे आम्हांस वाटते. हे दान म्हणून मिरविण्याचे कारण नाही. सोणाच्या मागणीची ती आजची पूर्तता होय.

आमच्या मंदिर-समाजाला तर ह्या बाबतीत एक जुने देणे फेडावयाचे आहे. आम्ही पादुका देव्हाऱ्यात ठेवल्या. भरताने रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून राज्य चालविले ही कथा आम्ही भक्तिभावाने ऐकतो, आणि आषाढीला आळंदीहून आणि देहूहून पालखीतून निघतात त्याही संतांच्या पादुकाच. पण ज्या हातांनी आमची पायतणे शिवली त्या हातांच्या माणसांना आम्ही पिढ्यान् पिढ्या उंबऱ्याबाहेर ठेवले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषणास बसावे लागले. पायाखालच्या मऊपणाचा विचार करताना तो कोणाच्या श्रमावर उभा आहे हे विसरणे, ही त्या जुन्या चुकीचीच पुनरावृत्ती ठरेल. कारखान्यातील धागा कातणारा, फोम ओतणारा, टाके घालणारा अशा अनेक अनोळखी माणसांच्या हातांवरून आपला प्रत्येक जोडा आपल्यापर्यंत येतो.

तेव्हा सावकाशीच्या दिवशी मऊ तळाचा जोडा निःशंकपणे घालावा. भूमी कठीण आहे, पाय शिणले आहेत, आणि उद्या त्यांच्याकडून पुन्हा काम घ्यावयाचे आहे, एवढे कारण पुरेसे आहे. मऊपणा इतकाच असावा की पाय सुखावेल आणि तरीही खालचा उंचवटा त्याला ओळखता येईल. वेग इतकाच असावा की ओठांवरचे स्तोत्र तुटणार नाही. घरी आल्यावर थोडा वेळ अंगणात किंवा घरातील फरशीवर अनवाणी चालावे, म्हणजे तळवा आपले मूळचे ज्ञान विसरत नाही. पायांना विश्रांती देणारी वस्तू वापरण्यात काही उणेपण नाही. ती वस्तू उंबऱ्याशी सहज उतरवून ठेवता आली आणि तिच्यावाचूनही पाय थंड दगडावर स्थिर उभे राहिले, म्हणजे तिने आपले काम चोख केले असे समजावे.